रातांब्याचा ब्रश, रातांब्याचा पॅटर्न : लेबलसाठी घरचीच नक्षी

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, लेबलवरची ती पानांची नक्षी कुठून डाउनलोड केली?" कुठूनच नाही. ती आमच्या परड्यातल्या कोकमाच्या झाडाची आहे. व्हिडिओत सगळं भरभर झालं, म्हणून इथे सावकाश लिहितोय. पीसी समोर ठेवून वाचा.

आधी थोडं मागचं सांगतो. आमचं अलोरे म्हणजे चिपळूण-कराड रस्त्यावरचं, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं गाव. इथे मे महिन्यात रातांबे इतके पडतात की उचलायला माणूस पुरत नाही. वाडीतल्या एक काकू आमसुलं आणि आगळ करतात, चवीला एक नंबर. पण बाटलीवर लेबल कसलं होतं? नेटवरून घेतलेली वारली माणसं, गोल फेर धरून नाचणारी. आता वारली चित्रं ही डहाणू, जव्हार, तलासरीकडची, तिथल्या आदिवासी समाजाची कला. तिला भौगोलिक मानांकनही आहे. चिपळूण तालुक्यातल्या आगळाशी तिचा काय संबंध? शिवाय तीच माणसं पापडावर, मसाल्यावर आणि रिसॉर्टच्या बोर्डावरही नाचतात. दुकानाच्या फळीवर काकूंची बाटली ओळखायची कशी?

म्हणून मी हौसेने नवीन लेबल करायला घेतलं, आणि पहिल्या फेरीत 500 लेबलं वाया घालवली. ते कसं झालं ते पुढे येईलच. प्रेसवाल्याची चूक नव्हती, माझीच होती.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ब्रश म्हणजे शिक्का. एक आकार तयार करून ठेवायचा आणि हवा तिथे, हव्या रंगात, हव्या आकारात उमटवायचा. पॅटर्न म्हणजे लादी. एक चौकोन तयार करायचा, सॉफ्टवेअर तो शेजारी शेजारी लावून सगळी जागा भरतं. शिक्का आपण हाताने मारतो, म्हणून चुकला तर पुसता येतो. लादीत एक चूक असली की ती शंभर ठिकाणी दिसते.

मी गिंप वापरतो, कारण ते फुकट आहे आणि धंद्याच्या कामाला वापरायलाही पैसे पडत नाहीत. फोटोशॉप असेल तर तेही चालेल, फरक जिथे आहे तिथे सांगेन.

ब्रशसाठी कोकमाचं एक चांगलं पान घ्या, किडीने खाल्लेलं नको. त्याच्या मागच्या बाजूला स्टॅम्प पॅडची शाई लावा, पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर ठेवा, वर दुसरा कागद ठेवून बोटांनी दाबा. आठ-दहा ठसे काढा, त्यातला एखादाच बरा येतो. थोडी शाई सुटलेला ठसा टाकून देऊ नका, तोच हाताने केल्यासारखा दिसतो. ठशाचा फोटो सकाळच्या उजेडात, मोबाइल बरोबर वर धरून काढा. फोटो पीसीवर घेताना व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवू नका, तिथे तो बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ केबल लावा.

आता गिंपमध्ये फोटो उघडा. पानाभोवती घट्ट क्रॉप करा. 'इमेज' मेनूत 'मोड', त्यात 'ग्रेस्केल'. मग 'कलर्स'मध्ये 'लेव्हल्स' उघडून कागद पूर्ण पांढरा आणि पान काळं होईपर्यंत दोन्ही टोकांचे काटे आत सरकवा. शेवटी 'इमेज'मधून 'फ्लॅटन'. ग्रेस्केलची पायरी बरेच जण गाळतात आणि मग म्हणतात, ब्रश मारला की पांढरा चौकोन येतो. येणारच! रंगीत चित्राचा ब्रश स्वतःचे रंग धरून ठेवतो, कागदासकट. ग्रेस्केलमध्ये मात्र काळं म्हणजे रंग लागणार, पांढरं म्हणजे काहीच नाही, आणि करडं म्हणजे अर्धवट, फिकट. हा नियम फोटोशॉपलाही लागू आहे.

मग 'फाइल', 'एक्सपोर्ट ॲज', आणि नावाच्या शेवटी डॉट जीबीआर. ही फाइल गिंपच्या ब्रशेसच्या फोल्डरमध्येच जायला हवी. तो फोल्डर 'एडिट'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये, 'फोल्डर्स'खाली दिसतो. सेव्ह करताना 'स्पेसिंग' विचारतं, तिथे 120 टाका. कमी ठेवलं तर पानावर पान चढून नुसता काळा पट्टा दिसतो. ब्रशच्या यादीत रिफ्रेश दाबलं की पान हजर. टूलच्या पर्यायांत 'अप्लाय जिटर'ला टिक केलं की पानं जराशी विखुरतात. फोटोशॉपमध्ये काम सोपं आहे : पान सिलेक्ट करा आणि 'एडिट'मधून 'डिफाइन ब्रश प्रीसेट'. तिथे 'अँगल जिटर' वाढवलं की प्रत्येक पान वेगळ्या कोनात पडतं, खळ्यात पडलेल्या पाचोळ्यासारखं.

ब्रश करताना पान मोठं ठेवा, 1000 पिक्सेलच्या आसपास. मोठ्याचं लहान चांगलं होतं, लहानाचं मोठं केलं की कडा धुरकटतात.

आता पॅटर्न. इथेच माझी चूक झाली होती. रातांबा आडवा कापला की आत बिया संत्र्याच्या फोडींसारख्या गोल बसलेल्या दिसतात, बाहेर सालीचं कडं. वरून बघितलं तर फूलच! मी त्याचा फोटो पडवीत, पांढऱ्या कागदावर ठेवून काढला आणि कागदासकट चौकोन कापून पॅटर्न केला. एकटा चौकोन स्क्रीनवर सुंदर दिसला. पण उजेड एका बाजूने येत होता, म्हणजे कागदाची डावी कड उजळ आणि उजवी जराशी मळकट. डोळ्याला तो फरक कळत नव्हता. लेबलवर मात्र उजव्या मळकट कडेला पुढची उजळ कड लागली आणि आडव्या-उभ्या रेघा उठल्या. काकू बघून म्हणाल्या, "अरे, ही तर बाथरूमची फरशी दिसत्ये!" नव्या छपाईचे पैसे मी दिले. त्यांचे पैसे बुडवून मी तुम्हाला धंदा काय शिकवणार?

तर आता नीट. आधी लेबलचं माप घ्या. काकूंचं लेबल 9 सेंमी रुंद, 6 सेंमी उंच. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे एका सेंमीला साधारण 118. मी लादी 3 सेंमीची ठरवली : 354 पिक्सेल. म्हणजे रुंदीत बरोबर तीन आणि उंचीत दोन लाद्या बसतात, कुठे लादी अर्धी तुटत नाही. हा हिशोब आधीच करा, कारण गिंपमध्ये पॅटर्न भरताना तो आहे त्याच मापाने भरला जातो. प्रेसवाला कापण्यासाठी चारही बाजूंना जास्तीची जागा मागतो, बहुतेक 3 मिमी. ते विचारून घ्या आणि पॅटर्न तिथपर्यंत वाढवा.

354 बाय 354 ची नवीन इमेज घ्या आणि मागचा रंग एकच, सपाट ठेवा. रातांबा त्याच्या कडेने कापून, कागद पूर्ण काढून, बरोबर मधोमध बसवा. इमेज फ्लॅटन करा. आता 'लेयर', 'ट्रान्सफॉर्म', 'ऑफसेट' उघडा, अर्ध्याने सरकवायचं बटण दाबा, आणि खाली 'रॅप अराउंड' निवडलंय ना ते बघा. मधलं फळ चार कोपऱ्यांत पाव-पाव होऊन जाईल आणि मधली जागा रिकामी होईल. बाहेरच्या कडा आता आत आल्यात, म्हणून सांधा दिसत असेल तर तो इथेच, मधल्या अधिक चिन्हासारख्या रेघांवर दिसतो. मी ही एक पायरी केली असती तर 500 लेबलं वाचली असती. रिकाम्या मधल्या जागेत दुसरा रातांबा ठेवा, थोडा फिरवून. झाली तिरकी, वीटकामासारखी रचना. नावाच्या शेवटी डॉट पॅट देऊन पॅटर्न्सच्या फोल्डरमध्ये एक्सपोर्ट करा. फोटोशॉपमध्ये ऑफसेट 'फिल्टर'मधल्या 'अदर'खाली सापडेल आणि शेवटी 'डिफाइन पॅटर्न'. क्रिटा वापरणाऱ्यांची तर मजाच आहे, डब्ल्यू दाबलं की लादी चारही बाजूंनी पसरलेली दिसते आणि तशीच रंगवता येते.

हो, आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा. पलीकडे पोफळीला वीज तयार होते हे खरं, पण जुलैच्या पावसात ती आमच्या घरात किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही.

पॅटर्न तयार झाला की सगळ्या लेबलभर ओतायचा मोह होतो. नका ओतू. खाण्याच्या मालावर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, शाकाहारीची हिरवी खूण, वजन, किंमत, तारीख, बॅच, घटक, तुमचा पत्ता हे सगळं वाचता आलं पाहिजे. त्या मजकुराखाली नक्षी नको, सपाट रंगच हवा. काकूंच्या लेबलवर पॅटर्न फक्त वरच्या तिसऱ्या भागात आहे आणि नावाभोवती ब्रशची पाच पानं.

"नेटवर फुकट ब्रश मिळतात की" असं म्हणणाऱ्यांसाठी : मिळतात, पण सोबतची अट वाचा. बऱ्याच पॅकवर फक्त स्वतःच्या वापरापुरती परवानगी असते. विक्रीच्या मालावर छापलं की तो व्यापारी वापर झाला. उद्या कुणी नोटीस पाठवली तर लेबल बदलायचं, छापलेला माल अडकायचा. परड्यातल्या पानावर ही अट नाही. फोटो तुमचा, ठसा तुमचा, नक्षीही तुमचीच.

छापायला देण्याआधी घरच्या प्रिंटरवर, नसेल तर झेरॉक्सवाल्याकडे, शंभर टक्के मापात एक प्रत काढा, कापून बाटलीला चिकटवा आणि चार हात लांबून बघा. रंग स्क्रीनपेक्षा थोडे मंद येतात, रातांब्याचा लाल तर हमखास तपकिरीकडे जातो. म्हणून प्रेसकडूनही आधी एकच नमुना मागवा. काकूंनी दुसऱ्या फेरीचा नमुना उन्हात नेऊन बघितला, बाटली दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "हां, आता आपला वाटतो." मग 500 छापले.

तुमच्याकडे रातांबे नसतील तर काय आहे ते कमेंटमध्ये लिहा. फणसाचं पान, सुपारीची आडवी काप, आल्याचा तुकडा, काहीही चालेल. त्यातल्या एकाचा पॅटर्न पुढच्या रविवारी व्हिडिओत करून दाखवतो.