साडेपाच म्हणजे नेमके किती?

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावातून परदेशी विद्यापीठाची वाट धरणाऱ्यांपुढे पहिला पेच असतो तो इंग्रजीच्या गुणांचा. आयईएलटीएसची श्रेणी ० ते ९. टोफेलची वर्षानुवर्षे ० ते १२० होती, जानेवारी २०२६ पासून १ ते ६ झाली. दोन्हींना जोडणारी मोजपट्टी म्हणजे युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए-१ ते सी-२ ही सहा पातळ्यांची चौकट.

ही मोजपट्टी मात्र दिसते तितकी सरळ नाही. बी-२ पातळी आयईएलटीएसमध्ये ५.५ पासून, तर टोफेलच्या जुन्या गुणपद्धतीत ७२ पासून धरली जाते. म्हणून दोन्ही सारखेच मानावेत, तर टोफेल घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्याच थेट तुलनेत ५.५ च्या समोर ४६ ते ५९ गुण आहेत. ७२ गुण ६ च्या रांगेत बसतात! पातळी हा रुंद पट्टा आहे, त्यात काठावरचा आणि पक्क्या तयारीचा असे दोघेही मावतात.

तेव्हा कोष्टकावर विसंबण्यापेक्षा विद्यापीठाने त्या परीक्षेसाठी दिलेला आकडाच पाहावा, प्रत्येक कौशल्याच्या किमान अटीसह. सरासरी ६.५ असूनही लेखनातील ५.५ मुळे अर्ज अडू शकतो; आणि फेरपरीक्षेचे शुल्क पंधरा हजारांच्या वर जाते.