एमएससीआयटी ते एन्टायर: सातारा-सांगलीतले पाव शतक

२००२ च्या सुमारास सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत एसटी स्टँडच्या आसपास एक नवा बोर्ड दिसू लागला, एमएससीआयटीचा. आधी तिथे टायपिंगचा क्लास असायचा, नाहीतर झेरॉक्सचे दुकान. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ऑगस्ट २००१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचा हा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी हे सर्टिफिकेट लागणार असे ठरले आणि सेवेतल्यांना वेतनवाढ थांबण्याची धास्ती बसली. मग एकाच बाकावर दहावीची सुट्टी लागलेला मुलगा आणि निवृत्तीला आलेले गुरुजी शेजारी शेजारी बसले. माउस कसा धरायचा हे गुरुजींना त्यांचाच जुना विद्यार्थी शिकवतो आहे, हेही त्या काळात पाहायला मिळाले.

हा अभ्यासक्रम म्हणजे संगणकाची साक्षरता होती, आणि तेवढे काम त्याने चोख केले. घोटाळा केला तो आपण. ‘पोरगं कॉम्प्युटर शिकलंय’ असे सांगत कितीतरी आईबापांनी तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पुण्यातल्या नोकरीची आशा धरली. पत्र टाइप करता येणे वेगळे आणि प्रोग्रॅम लिहिता येणे वेगळे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. क्लासवाल्याने ते का सांगावे?

प्रोग्रॅम लिहायला शिकवणारी दारे मात्र या भागात आधीपासून उघडी होती. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे सरकारी अभियांत्रिकी १९६० चे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दादा सांगलीचे, स्वतःचे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ साखराळ्याला, साखर कारखान्याच्या शेजारी, राजारामबापू इन्स्टिट्यूट उभी राहिली. शिक्षण धंदा झाला अशी टीका त्या निर्णयावर पुष्कळ झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. पण ऊस घालणाऱ्याच्या मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला मुंबई गाठावी लागली नाही, हेही त्याच निर्णयाचे फळ.

बारावीला ज्यांचे इंजिनिअरिंगचे गणित जमले नाही, किंवा ज्यांच्या घरी चार वर्षांच्या फीचे जमले नाही, त्यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठात ‘एन्टायर’ होते. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एवढे लांब नाव कोणी घेत नसे. पोरे नुसते ‘एन्टायरला आहे’ म्हणत. ज्यांना ती वाट नको होती किंवा जमणारी नव्हती, ते बीसीएला जात. बहुतेक तुकड्या विनाअनुदानित, शिकवणारे तासिका तत्त्वावर, पुष्कळदा आदल्याच वर्षी पास झालेले. तरीही माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या दोन जिल्ह्यांतल्या साध्या घरांना आयटीच्या पगारापर्यंत नेले ते याच वर्गांनी. पुढे एमसीए करायचे तर साताऱ्यात वर्ये येथे रयत शिक्षण संस्थेची एक संस्था होती. पुण्याजवळच्या हिंजवडीचे आयटी पार्क तर हायवेने काही तासांवर.

विप्रोने बी.एस्सी., बीसीए झालेल्यांना कामावर घेऊन नोकरी करता करता बिट्स पिलानीची एमएस पदवी देणारी योजना काढली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांना तिचे फार अप्रूप वाटले. साताऱ्याला वाटण्यासारखे त्यात काही नव्हते. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ इथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. फरक एवढाच की रयतचा मुलगा शेतात किंवा महाविद्यालयाच्या आवारात राबत होता आणि विप्रोचा एसी हॉलमध्ये.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कधी जुळली नाही. सर्टिफिकेट आणि डिग्री एकाच घराचे दोन मजले, पण मध्ये जिनाच नव्हता. आयटीआयचा ‘कोपा’ हा संगणकाचा ट्रेड एक वर्षाचा, आणि पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला दोन वर्षांचा आयटीआय लागतो. म्हणजे कोपा केलेल्या मुलीने पुढे डिप्लोमा करायचा म्हटले तर पहिल्या वर्षापासून. एमएससीआयटी, टॅली, डीटीपी यांचे तर पदवीच्या हिशेबात काहीच धरत नसत. चालू वाट एकच होती. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. तिचा फायदा शेतकरी घरांनी हुशारीने करून घेतला, कारण बारावी आणि सीईटीच्या क्लासचा खर्च वाचे आणि डिप्लोमावर नोकरी लागलीच तर शिक्षण तिथे थांबवता येई.

जिना बांधण्याचा पहिला प्रयत्न यूजीसीने केला. २०१३ च्या आसपास अमेरिकेच्या धर्तीवर ‘कम्युनिटी कॉलेज’ योजना आली, पाठोपाठ बी.व्होक. पहिल्या वर्षानंतर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. कुठेही उतरा, पुन्हा चढा. कल्पना उत्तम होती. पण पालकांचा प्रश्न एकच: ‘ही डिग्री एमपीएससीला चालते का?’ चालते, असे यूजीसीने कळवूनही शंका फिटली नाही. त्यातच अनुदान मुदतीचे, म्हणून शिक्षकही मुदतीचे. प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. त्याला मुळे धरायला वेळ मिळाला नाही.

दरम्यान टायपिंगच्या क्लासांचेही दिवस सरले. २०१७ मध्ये टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा बंद झाली आणि तीच परीक्षा संगणकावर आली. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस हे आकडे मात्र क्लार्क व्हायचे असलेल्यांना अजून पाठ आहेत.

पुढच्या काही वर्षांत बदल भराभर झाले. २०२०-२१ पासून एमसीए तीनचे दोन वर्षांचे झाले. २०२१ मध्ये रयतच्या साताऱ्यातल्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण आले आणि एका वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स हा जिना आता बहुतेक पदव्यांना लागला. त्याच वर्षी बीसीए एआयसीटीईच्या ताब्यात जाऊन त्याला सीईटी लागली. खेड्यातल्या पुष्कळ मुलांना ती कळलीच नाही. राज्यात इतक्या जागा रिकाम्या राहिल्या की जादा सीईटी घ्यावी लागली, आणि काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचे नाव बदलून वाट काढली. गरिबाचा कोर्स म्हणून जो वाढला, त्याच्याच दारात नवी परीक्षा उभी करणे मला आजही पटलेले नाही.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. ज्यांचे नाव त्याला दिले ते इथल्याच देवराष्ट्र्याचे.

यंदा घरातल्या मुलाला किंवा मुलीला संगणकाच्या कोर्सला घालणार असाल, तर चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटले तर सर्टिफिकेटसाठी लागणारी जादा चार क्रेडिट्स कशी मिळवायची, ती क्रेडिट बँकेत जमा होतात का आणि परत यायची वाट कोणती, हे महाविद्यालयाच्या ऑफिसात विचारा. प्रयोगशाळा स्वतः पाहून या. फी त्यानंतर भरा.