संगणक-आज्ञावलीच्या पाठ्यग्रंथांची किंमत

वसई तालुक्यातील वटारसारख्या गावातून मुंबईस शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला आज्ञावलीलेखनाचा इंग्रजी पाठ्यग्रंथ परवडतो, तो मुख्यतः भारतीय आवृत्तीमुळे. मजकूर बहुधा तोच. कागद हलका, बांधणी साधी आणि वेष्टनावर ‘अमुक देशांतच विक्रीस’ अशी अट. एकाच ग्रंथाला निरनिराळ्या देशांत निरनिराळी किंमत लावावयाची, तर स्वस्त प्रत महाग बाजारात शिरू न देणे भाग पडते. सारी व्यवस्था या एका बांधावर उभी आहे. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच बांध फोडला. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी मायदेशातील स्वस्त प्रती अमेरिकेत विकीत असे. परदेशात कायदेशीरपणे छापलेल्या प्रतीच्या पुनर्विक्रीस प्रकाशकाची अनुमती लागत नाही, असा निर्णय झाला. अमेरिकन ग्राहकाचा लाभ उघड आहे. परंतु अशी गळती वाढल्यास प्रकाशक इकडील किंमतच वर नेईल, ही शंका निराधार म्हणता येत नाही. म्हणूनच येथे लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचे महत्त्व विशेष. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे त्यांतील ठळक उदाहरण होय. त्याची किंमत येथील ग्राहक पाहूनच ठरते. मराठी माध्यमातून आलेल्यास इंग्रजी परिभाषेची अडचण उरतेच, पण तो प्रश्न किमतीचा नव्हे.