गळ टाकणारा गाईड होऊ शकतो, पण कशाचा?

अर्धापूर : इसापूरच्या कालव्याला पाणी सुटलं की आपल्याकडं केळीच्या बागेत गडबड सुरू होते, आणि तेवढीच गडबड कालव्याच्या पुलावर पोरांची असते. हातात गळ, डब्यात गांडूळ. आसना नदीच्या डोहावर तर दुपारभर हलत नाहीत असे लोक आहेत. घरचे त्यांना रिकामटेकडा म्हणतात. शेतातून सवड मिळाली की मीही त्यातलाच. हल्ली गावातली पोरं मोबाईलवर परदेशातले ‘फिशिंग गाईड’ बघतात आणि विचारतात, आपल्याला जमंल का हे? म्हणून थोडं नीट सांगतो.

फिशिंग गाईड म्हणजे मासे धरून विकणारा नव्हे. गिऱ्हाईक गळ टाकतं, गाईड पाणी वाचतो. मासा कुठल्या खडकाआड बसलाय, वारं फिरल्यावर कुठं जाईल, कोणतं आमिष चालंल, हे त्यानं सांगायचं. मासा लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडायचा. आपल्या लोकांना हे येडेपणाचं वाटतं. पण हिशेब बघा. मारलेला मासा एकदाच पैसे देतो, सोडलेला पुढच्या गिऱ्हाइकालाही लागतो.

कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गलीबोरे इथं असे कॅम्प चालायचे. ४०-५० किलोच्या महाशीर माशासाठी परदेशातून लोक यायचे. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक तिथंच गाईड झाले आणि नदी राखू लागले. पुढं अडचण कायद्याची आली. तो पट्टा अभयारण्यात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं अभयारण्यात गळ टाकणं हीसुद्धा शिकारच, मासा सोडला तरी. तिथलं गळ टाकणं बंद झालं.

महाशीर आपल्यालाही परका नाही. आपला खडस म्हणजे दख्खनी महाशीर. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार होतात. तरी खडसाच्या भरवशावर गाईडचं पोट भरंल असं पाणी मला आपल्या तालुक्यात दिसत नाही. इथं गळाला लागतो तो मरळ, शिंगाडा, नाहीतर सोडलेला कटला-रोहू.

मग महाराष्ट्रात मासेमारीतून गाईड झालं कोण? उजनीचे भोई. भीमेवरचं हे धरण १९८० ला पूर्ण झालं. इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या फुगवट्याकाठच्या गावांत जाळं टाकणारी माणसं आज पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब हंस, चित्रबलाक बघायला पुण्या-मुंबईचे लोक पहाटे येऊन थांबतात. घरात चिलापीचं कालवण आणि भाकरी, तेही पैसे देऊन.

यात त्यांनी नवीन शिकलं ते फक्त पक्ष्यांची नावं. बाकी सगळं जाळ्यानंच शिकवलेलं. पाणी कुठं गुडघाभर, गाळ कुठं उघडा पडला, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. रोहित उथळ पाण्यात चरतो, म्हणून धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं की तोही उशिरा येतो. थवा दिसला की इंजिन बंद करून बांबूनं होडी ढकलायची. हावरेपणानं जवळ नेली की थवा उडाला, आणि मागून येणाऱ्या होडीचंही गिऱ्हाईक नाराज. हंगाम मात्र काही महिन्यांचाच. बाकी वर्ष जाळंच. नोकरी सोडून यात उडी मारणाऱ्यानं हे आधी ध्यानात घ्यावं.

आपल्या गोदावरीवरही वर नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. तिथं वनविभागाच्या देखरेखीखाली गावातलीच पोरं गाईड म्हणून फिरवतात.

आता आपलं. इसापूर जलाशयाचा काही भाग पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. तिथं गळाचा धंदा विसरा, पण पक्षी दाखवायचा विचार होऊ शकतो, वनविभागाच्या परवानगीनं. विष्णुपुरीचा जलाशय नांदेडला खेटून. गुरुद्वाऱ्याला वर्षभर बाहेरून लोक येतात, त्यातले थोडे जरी एक सकाळ पाण्यावर आले तरी चार-दोन होड्या चालतील. पण पाणी पाटबंधारे खात्याचं आणि मासेमारीचा ठेका बहुतेक तलावांवर मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्थेला विचारल्याशिवाय होडी घातली तर पहिलं भांडण काठावरच होईल. शिवाय वर्षानुवर्षं पाण्यावर राबणारा भोई बाजूला राहून गाडीवाला पुढारीच होडीचा मालक व्हायचा, हा धोका वेगळाच. तो मला जास्त खरा वाटतो.

आणि लाइफ जॅकेट. आपल्याकडं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकणारे आहेत, त्यांना जॅकेट म्हणजे बायकी वाटतं. पाहुणा होडीत बसवायचा असेल तर प्रत्येक माणसामागं एक जॅकेट लागेल, आणि होडीवाल्याच्या अंगातही. होडी घेण्याआधी तो खर्च धरा.