लंगर ते परेड : फौज कोणाची, सलाम कोणाला?

दिलसुखनगरहून मेट्रोने शहराकडे निघालात की पहिलेच स्थानक लागते ते मूसारामबाग. नाव ऐकून वाटावे, कोणी मूसाराम नावाचे सावकार होऊन गेले असतील आणि त्यांची इथे बाग असेल. पण हा मूसाराम म्हणजे निजाम अली खानाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ. फ्रेंच लोक 'मस्यू' म्हणतात त्याचे आपल्या लोकांनी 'मुसा' केले. जुन्या मराठी कागदांत बुसीही 'मुसा बुसी' होऊनच येतो. २५ मार्च १७९८ रोजी रेमाँ वारला. अस्मानगडच्या टेकडीवर त्याची कबर आणि उंच दगडी स्तंभ आजही उभा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून तो पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि बहुतेकांनी तो पाहिलेला नाही.

लष्करी संचलनाविषयी लिहायला मी या स्तंभापासून आरंभ करतो याचे कारण आहे. दर २६ जानेवारीला आपण दूरदर्शनसमोर बसतो, नातवंडांना तुकड्यांची नावे सांगतो. घरात कोणी वयोवृद्ध असले की हमखास एक वाक्य येते : "हे काहीच नाही, लंगर बघायला हवा होता म्हणायचे आमचे वडील." त्या वाक्यात अभिमान असतो आणि थोडी हळहळही असते. ही हळहळ कितपत रास्त आहे, हे पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम लंगर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला हा शब्द गुरुद्वारातल्या जेवणापुरताच ठाऊक आहे. येथे लंगर म्हणजे साखळी. कथा कुतुबशाहीतली आहे. लहानग्या अब्दुल्ला कुतुबशहाला पाठीवर घेऊन हत्ती उधळला आणि रानात शिरला. आई हयात बख्शी बेगमने नवस केला, की मुलगा सुखरूप परतला तर सोन्याची साखळी हुसैनी आलमला वाहीन. मुलगा परतला, नवस फेडला गेला, आणि मोहरमच्या पाचव्या दिवशी लंगरची मिरवणूक निघू लागली. आसफजाही काळात या नवसाच्या मिरवणुकीला राज्याच्या सगळ्या फौजेच्या मिरवणुकीचे रूप आले. हत्ती, उंट, नौबत, निशाणे. पायगा अमिरांच्या पागा, अरबांच्या टोळ्या, रोहिले, शीख, हबशी स्वार, आणि त्यांच्यासोबत कवायती पलटणी. अरब नाचत, बंदुकांचे बार हवेत काढत जात. मिरवणूक तासन् तास चाले. राजा दीनदयाळांनी टिपलेल्या छायाचित्रांत ती गर्दी आजही पाहता येते.

आता त्या मिरवणुकीकडे जरा बारकाईने पाहा. तीत एक फौज नव्हती, अनेक फौजा होत्या. प्रत्येक अमीर आपली माणसे घेऊन येई, आपल्या निशाणाखाली, आपल्या खर्चाच्या पोशाखात. अरब शिपाई ओळखी तो आपल्या जमादाराला, कारण पगार त्याच्या हातून मिळे. ज्याची माणसे अधिक त्याचा दरबारातला मान अधिक. लंगर पाहणाऱ्या हैदराबादकराला एका दिवसात कळे, की राज्यात कोणाचे वजन किती आहे. मिरवणूक निजामापुढून जाई खरी, पण शिपायाची निष्ठा वाटेत कुठेतरी अमिराच्या नाहीतर जमादाराच्या दाराशी थांबलेली असे.

आणि या थाटामागे हिशेब काय होता? फौजेचा पगार वर्षानुवर्षे थकलेला असे. अरब जमादार नुसते सैनिक नव्हते, सावकारही होते. सरकारच त्यांचे देणेकरी झाले आणि तालुकेच्या तालुके त्यांच्याकडे गहाण पडले. याहून मोठे उदाहरण आपल्या मराठी मुलखाचे आहे. 'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती, खर्च मात्र निजामाच्या माथी. तिची थकबाकी फिटेना, म्हणून मे १८५३ मध्ये तह होऊन वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. अमरावती-अकोल्याचे लोक एका फौजेच्या पगारापायी वेगळ्या अमलाखाली गेले. ज्यांचे आजोळ वऱ्हाडात आणि घर मराठवाड्यात, अशा कुटुंबांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग आपल्याकडे, म्हणजे मराठ्यांकडे, काय रीत होती? दसऱ्याचे सीमोल्लंघन सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा हिशेब ठाऊक नसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची रीत दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला राही. दसऱ्याला मुलूखगिरीस निघताना लहानथोर प्रत्येक माणसाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई. परतल्यावर झडती होऊन ती यादीशी ताडून पाहत, आणि जास्त निघेल ते त्याच्या पगारात वळते करून घेत. म्हणजे दसऱ्याच्या झेंडूच्या तोरणाआड कारकुनाचे दौत-कलम होते. उत्सवाच्या निमित्ताने फौजेचा हिशेब घेतला जाई आणि शिपायाला ठाऊक असे, की आपला धनी एकच आहे. पुढे सरंजाम वाढले, सरदार आपापल्या पथकांचे मालक झाले, आणि पेशवाईतही लंगरसारखीच स्थिती आली : थाट मोठा, पण हुजरातीचे बळ सरदारांच्या मानाने थोडे.

पावलात पाऊल घालून चालणे हा प्रकार मात्र या दोन्ही रीतींत मुळात नव्हता. तो आला युरोपी कवायतीबरोबर. 'कवायत' हा शब्द अरबी 'कायदा'चेच अनेकवचन आहे. कवायत म्हणजे नियम. त्या काळच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीनच बार निघत आणि नेमही फार लांब लागत नसे. म्हणून माणसे ओळीत खांद्याला खांदा लावून उभी राहिली, एकाच हुकमाने भरली, एकाच हुकमाने झाडली, तरच बंदुकीचा उपयोग. ओळ मोडली की घोडेस्वार आत शिरलाच. एका तालात चालणे ही शोभा नव्हती, जिवाची गरज होती. दख्खनला हे तंत्र बुसीने १७५१ नंतर हैदराबादच्या दरबारात दाखवले. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहीमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतावर लढला. आपण 'गारदी' म्हणतो तो शब्दही फ्रेंच 'गार्द'वरून आलेला.

रेमाँने तेच काम पुढे नेले. त्याची कवायती फौज वाढत सुमारे १४,००० वर गेली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला ती मराठ्यांपुढे उभी राहिली, तेव्हा समोर शिंद्यांचे पेराँच्या हाताखालचे कंपू आणि होळकरांची दुद्रनेकची पलटण होती. म्हणजे दोन्हीकडे कवायत फ्रेंच, आणि दोन्हीकडे मराठी माणसे. निजामाकडेही रावरंभा निंबाळकरांसारखी मराठा घराणी पिढ्यान् पिढ्या चाकरीला होती. निजामाच्या लष्करात 'जफर पलटण' ही स्त्रियांची पलटणही होती आणि तीही खर्ड्याला लढली. रेमाँ गेल्यावर सहा-सात महिन्यांतच, ऑक्टोबर १७९८ मध्ये, ही फौज इंग्रजांनी एकही लढाई न देता निःशस्त्र केली. ते इतके सोपे का झाले? पगार थकल्याने शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवले होते. संचलन निर्दोष होते, धनी डळमळीत होता.

आता आजच्या परेडकडे वळू. २६ जानेवारी १९५० ला पहिले संचलन झाले ते दिल्लीच्या आयर्विन स्टेडियमवर. राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्यपथावर, ते १९५५ पासून स्थिरावले. त्याच १९५० च्या २६ जानेवारीला इकडे हैदराबादेत निजाम मीर उस्मान अली खान यांनी राजप्रमुख म्हणून शपथ घेतली. ज्यांना इतरांनी मुजरा करायचा, त्यांनी स्वतः राज्यघटनेची शपथ घेतली, ही त्या दिवसाची खरी बातमी. सव्वा वर्षापूर्वी, १८ सप्टेंबर १९४८ ला, त्यांचे सेनापती एल एद्रूस जनरल चौधरींना शरण आले होते. जुन्या फौजेच्या काही पलटणी भारतीय सैन्यात सामावल्या, बाकीच्या मोडल्या. त्यांची नावे वस्त्यांना उरली : हबशी स्वारांचे ए. सी. गार्ड्स, अरबांच्या बराकींचे बारकस.

एका तालात चालण्याचा लढाईत आज काही उपयोग नाही. मशीनगनपुढे ओळ करून कोणी उभे राहत नाही. तरी कवायत टिकली, कारण तिचा अर्थ बदलला. दुंडिगलच्या वायुसेना अकादमीतील दीक्षान्त संचलन पाहा. छात्र ज्या क्रमाने चालतात त्यात कोणाचा बाप जहागीरदार आणि कोणाचा शेतमजूर हे ओळखू येत नाही. एक पोशाख, एक शपथ, पगार सरकारी तिजोरीतून. १८ जून २०१६ ला तिथूनच देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक बाहेर पडल्या. जफर पलटणीतल्या बायकांहून त्यांचे शौर्य अधिक, असे मला म्हणायचे नाही. फरक इतकाच, की त्या निजामाच्या जनानखान्याच्या पहारेकरी होत्या आणि या कोणाच्याही घरच्या चाकर नाहीत.

तरी आजचे संचलन निर्दोष आहे असेही नाही. शस्त्रे पाहताना ती ओढणारा माणूस दिसेनासा होतो. लंगरमध्ये हत्ती दिसे आणि त्याचा भुकेला माहूत दिसत नसे, तसेच. शिवाय मिरवणूक कोणाची हा जुना प्रश्न मिटलेला नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला या शहरात दोन सोहळे झाले : परेड ग्राउंडवर केंद्र सरकारचा मुक्तिदिन, पब्लिक गार्डनमध्ये राज्य सरकारचा एकात्मता दिन. आपल्या मराठवाड्यातल्या नातलगांनी तोच दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला. एका दिवसाला तीन नावे, आणि आपल्या घरांत तिन्ही बाजूंनी बोलणारी माणसे. ज्यांचे आजोबा दिवाणी दफ्तरात होते त्यांची आठवण एक, ज्यांचे चुलते सत्याग्रहात तुरुंगात गेले त्यांची दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत.

म्हणून घरातले वडीलधारे लंगरची आठवण काढतील तेव्हा त्यांना थांबवू नका. हत्ती किती होते, अरब कसे नाचत, ऐकून घ्या. जमल्यास लिहूनही ठेवा. मग हळूच विचारा : त्या शिपायांना पगार किती महिन्यांनी मिळे? आणि पुढच्या २६ जानेवारीला नातवंडे हाच प्रश्न आजच्या परेडविषयी विचारू लागली, तर त्यांनाही थांबवू नका. आदल्या रविवारी त्यांना घेऊन मूसारामबागेला उतरा, टेकडी चढा आणि तो स्तंभ दाखवा.