लाइन गेली, टॉवर गेला, आता काय?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. याच जिल्ह्यातून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत मात्र भामरागडसारख्या तालुक्यातली गावं पावसाळ्यात दिवसचे दिवस अंधारात काढतात. विजेचा तुटवडा हे त्याचं कारण नाही. घोडं अडतं ते वीज जंगलातून पोचवण्यात.

भामरागडकडे जाताना आलापल्लीच्या पुढे तारा साग-ऐनाच्या दाटीतून जातात. वादळात एखादी फांदी तारेवर टेकली तरी फीडर ट्रिप होतो, म्हणजे अख्खी वाहिनी बंद पडते. मग लाइनमन खांबामागून खांब पाहत पायी निघतो. वाटेत नाल्याला पूर असला, तर तुटलेली तार पलीकडे दिसत असूनही त्याला अलीकडेच थांबावं लागतं.

लाइन गेली की मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तगतो, नंतर जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल येतं रस्त्याने. इंद्रावती फुगली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटा आणि पामुलगौतम नद्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे दाटतं. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी वाहू लागलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिथल्या पिढ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये तर पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. वीज, रेंज आणि रस्ता ही तीन वेगळी संकटं नाहीत. रस्त्याची कडी निसटली की उरलेल्या दोन सावरता येत नाहीत.

म्हणून इथे खरी कामाला येते ती या साखळीबाहेरची सोय. नवसंजीवनी योजनेत दुर्गम गावांसाठी पावसाळ्यापूर्वीच धान्य भरून ठेवतात. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त गरोदर बाई दिवस भरण्याआधीच येऊन राहते, सोबत घरचं माणूसही असतं. पूर आला, फोन लागला नाही, तरी ती नर्सच्या हाकेच्या अंतरावर असते. पोलिसांची बिनतारी यंत्रणाही मोबाइलच्या टॉवरवर विसंबून नाही.

याच्या नेमकं उलट रेशनचं होतं. दुकानात तांदूळ असतो, पण अंगठा घेणारं यंत्र रेंजसाठी अडतं. धान्य साखळीबाहेर ठेवलं आणि वाटप साखळीला बांधलं, तर साठ्याचा उपयोग काय?

घरातल्या तयारीलाही हीच कसोटी लावावी. मृगाआधी सरपण, मीठ, सुकट, वाळवलेले वास्ते (बांबूचे कोंब) यांची बेगमी इथल्या घरांना नवी नाही. त्यात आता सौर कंदील आणि सेलवर चालणारा रेडिओ यांची भर घालावी. रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. तो विमान मोडवर ठेवून ठरलेल्या वेळीच उघडावा. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवून पाहावा, तो कधी कधी निघून जातो. १०७७, ११२, १०८ हे मदतीचे क्रमांक भिंतीवर खडूने लिहिलेले बरे.

विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, पण त्यालाही नेट लागतं. रोवणीच्या बांधीत असताना गडगडाट ऐकू आला, तर तोच इशारा समजून पक्कं घर गाठावं, मोहाच्या झाडाखाली थांबू नये. वादळानंतर पडलेली तार बंदच असेल असं धरून चालू नये. घरचा जनरेटर थेट वायरिंगला जोडला तर वीज उलटी लाइनवर चढते आणि खांबावरच्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

वैनगंगाकाठच्या गावांना मात्र थोडा वेळ मिळू शकतो. गोसीखुर्द धरणातून सोडलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरीच्या पट्ट्याने त्या पाण्याचा तडाखा सोसला. असा निरोप टॉवर चालू असतानाच गावात पोचायला हवा आणि पुढे पोलीस पाटील, कोतवाल, दवंडी यांच्या तोंडून घरोघरी जायला हवा.

मान्सूनपूर्व आढावा बैठका साधारण मे महिन्यात होतात. ग्रामसभांनी तिथे तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्या टॉवरला किती दिवसांचं डिझेल भरून ठेवलंय, जवळचा बिनतारी संच कुठे आहे आणि रेंज नसताना रेशन कुणाच्या सहीने मिळेल? उत्तरं इतिवृत्तात लेखी घ्यावीत. जुलैत ती विचारायला फोन लागणार नाही.