थर्मंड : एका रेल्वेनगराचा भूगोल आणि औद्योगिक इतिहास

खनिजसंपत्तीमुळे औद्योगिक नगर उदयास येते आणि ती संपताच लयास जाते, अशी एक सर्वसाधारण धारणा आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील थर्मंड या छोट्या गावाचा इतिहास मात्र ही धारणा अपुरी असल्याचे दाखवितो.

ॲपलेशियन पर्वतप्रदेशात न्यू रिव्हर या नदीने खोल घळई कोरली आहे. त्यामुळे कड्यांमध्ये कमी धुराच्या, उत्तम प्रतीच्या कोळशाचे थर उघडे पडले. परंतु वस्तीयोग्य सपाट भूमी फारशी उरली नाही. १८७३ मध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा मार्ग या घळईतून पूर्ण झाला. त्याच वर्षी कॅप्टन डब्ल्यू. डी. थर्मंड यांना भूमापनाच्या मोबदल्यात येथील ७३ एकर जमीन मिळाली. पुढे वसलेल्या गावात जागेच्या अभावी मुख्य रस्ता असा नव्हताच. दुकाने व बँका यांची दारे थेट रुळांसमोर उघडत.

थर्मंडचे महत्त्व खाणींपेक्षा त्याच्या स्थानात होते. आसपासच्या उपदऱ्यांतील खाणींचा कोळसा शाखामार्गांनी येथे येई आणि सुट्या वाघिणी जोडून लांब मालगाड्या तयार केल्या जात. वाफेच्या इंजिनांना कोळसा, पाणी व वाळू पुरविणे आणि त्यांची दुरुस्ती करणे, हा गावाचा दुसरा आधार होता. १९०१ मध्ये नदीपलीकडे डन ग्लेन हॉटेल उघडले. कॅप्टन थर्मंड यांनी आपल्या हद्दीत मद्यास बंदी केली होती. हे हॉटेल त्या हद्दीबाहेर होते.

१९३० मध्ये हे हॉटेल जळाले आणि महामंदीने गावाचे अर्थकारण खिळखिळे केले. तथापि खरा आघात १९५० च्या दशकात झाला. डिझेल इंजिनांना वाफेच्या इंजिनांसारखे वारंवार थांबणे आवश्यक नव्हते. रूळ कायम राहिले, गाड्याही धावत राहिल्या. त्यांच्या थांबण्याचे कारण तेवढे नाहीसे झाले.

२०२० च्या जनगणनेत येथे केवळ ५ रहिवासी नोंदविले गेले. १९०४ चे स्थानक जीर्णोद्धारानंतर १९९५ पासून अभ्यागत केंद्र झाले असून हा परिसर आज राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. एखाद्या नगराचे भवितव्य केवळ त्याच्या भूमीतील संपत्तीवर नव्हे, तर वाहतुकीच्या तंत्रात त्याला लाभलेल्या भूमिकेवरही अवलंबून असते, हे थर्मंडच्या उदाहरणातून स्पष्ट होते.